थंडी उतरली नाही, पक्षी उतरले

कृषी सहायकाच्या नोकरीत हिवाळा म्हणजे वाल आणि आंब्याचा मोहोर. घाटावर रब्बी म्हटलं की ज्वारी, हरभरा, गहू. आमच्या नागोठण्याच्या बाजूला भात निघालं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल पडतो. त्याला पाणी द्यायचं नाही, फारसे लाड करायचे नाहीत. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव यांवर तो आपला येतो. म्हणून थंडी हा इथे गप्पांचा विषय नाही, पिकाचा आहे. ढग राहिले तर वालावर मावा बसतो, रात्री गारवा नसेल तर आंबा पालवी काढत बसतो आणि मोहोर लांबतो. ठरलेल्या शेतांत दर आठवड्याला जायचं, शेंडे-फुलं तपासायची, किडी मोजायच्या आणि आकडे वर कळवायचे, हे माझं काम.

या कामात पक्षी मागच्या दाराने शिरले. माव्यासाठी शेंडे बघताना मान खाली असते. वर केली की समोरच्या काठीवर कोणीतरी बसलेलं असतं. शेत तेच, वार तोच, वेळही बहुधा तीच. सर्वेक्षणाच्या वहीत डाव्या पानावर मावा, शेंगा पोखरणारी अळी, तुडतुडे यांचे आकडे असायचे आणि उजवं पान कोरं राहायचं. त्या कोऱ्या पानावर मी पक्षी लिहू लागलो. दुर्बीण गाडीच्या डिकीत आली ती तिथलीच झाली. पक्षी बघायला निघालेला माणूस साहजिकच पक्षी असलेल्या जागा गाठतो. नोकरीवर निघालेल्याला एकही पक्षी नसलेलं शेतसुद्धा बघावं लागतं, आणि तेही वहीत चढतं. उबदार हिवाळ्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे, ते या दुसऱ्या प्रकारच्या नोंदींमुळेच म्हणता येतं.

नागोठणे तालुक्याने रोह्यातलं, पण गावाबाहेर थोडं गेलं की पेणची हद्द लागते. अंबा नदी बोरघाटाच्या डोंगरांतून निघून जांभूळपाडा, पालीवरून इथे येते आणि इथे तिला भरतीचं पाणी भेटतं. पुढे ती धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळते. गावातला जुना दगडी पूल चौलच्या काझी अलाउद्दीनने १५८०च्या सुमारास बांधला असं गॅझेटियर सांगतं. हा पूल हाताशी धरून दोन दिशांना तोंड केलं की दोन वेगळे मुलूख दिसतात. एकीकडे शिहू, कासूच्या बाजूला खारेपाट: बांध, त्यांतल्या पाणी सोडायच्या उघाड्या, चिखल, जिताडा माशाची तळी. दुसरीकडे वाकणच्या बाजूला डोंगरउताराची शेतं, वालाची आणि आंब्याची. चिखलातले पक्षी आणि शेतातले पक्षी, दोन्ही एकाच फेरीत भेटतात. तुतारी आणि चिखल्या बघून झाले की चहा घ्यायचा आणि गप्पीदास, धोबी बघायला डोंगराकडे निघायचं.

ज्या हिवाळ्याबद्दल लिहितोय तो २०२२-२३चा. त्या वर्षी पाऊस जाता जात नव्हता. मोसमी पाऊस देशातून पूर्ण परतला तो २३ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. उभं भात आडवं झालं, कापणी रखडली, आमची दिवाळी पंचनाम्यांत गेली आणि वालाची पेरणी मागे पडली. मग सगळे थंडीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. एरवी निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत आमच्याकडे उत्तरेचं कोरडं वारं लागतं, ओठ फुटतात, सकाळी गाडीची सीट दवाने ओली मिळते. त्या डिसेंबरात यातलं काहीच होईना. मंदोस चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचे उरलेसुरले ढग कोकणावर येऊन बसले. हवामान खात्याच्या हिशेबाने १९०१पासून देशात इतका उबदार डिसेंबर झाला नव्हता. जानेवारीच्या मध्यावर थोडे दिवस खरा गारठा पडला, कानटोप्या बाहेर निघाल्या आणि लगेच परत ट्रंकेत गेल्या. पुढचा फेब्रुवारी तर देशाच्या सरासरी कमाल तापमानात, २९.५४ अंशांवर जाऊन, १९०१पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींच्या पुढे गेला. त्याच महिन्यात कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला होता.

नोव्हेंबरातच खारेपाटातल्या एका काकांनी निकाल देऊन टाकला. जिताड्याच्या तळ्याची राखण करत ते बांधावर बसलेले असतात आणि माझ्या दुर्बिणीची त्यांना फार गंमत वाटते. म्हणाले, "सायेब, यंदा थंडीच नाय, तं तुमची पाखरां येनार कशी?" कचेरीतही हेच ऐकत होतो. ओळखीचे पक्षिमित्र फोनवर हेच म्हणत होते, फक्त जरा शुद्ध भाषेत. थंडी पडली की पक्षी येतात, तर थंडी नाही म्हणजे पक्षी नाहीत, असं ते सरळ गणित.

वही मात्र दुसरंच सांगत होती. तुताऱ्या भातलावणी आटोपल्यावर, भर पावसात खाडीवर आल्या होत्या. भोरड्यांचे थवे पाऊस चालू असतानाच वीजतारांवर ओळीने बसलेले दिसले होते. करडा धोबी सप्टेंबरात उघाडीवर हजर होता. ओहोटीला आतलं पाणी उघाडीच्या फळ्यांखालून जोरात बाहेर पडतं, त्या वाहत्या पाण्याच्या कडेला शेपटी खालीवर करत हा फिरतो; साचलेल्या पाण्याशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. थंडीची वाट बघणं आमचं सुरू झालं दिवाळीनंतर. यातले निम्मे पक्षी तोवर इथे रुळलेले होते. मी काकांना म्हटलं, "काका, थंडी त्यांच्या गावाला पडते. आपल्याकडे पडो न पडो, त्यांना काय?"

हे उत्तर बोलायला सोपं आहे, पण त्यामागे मोठं काम आहे. कॅनडातल्या एडमंटनला विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने १९२० नंतरच्या दशकात जंको नावाचे छोटे पक्षी पकडून उघड्या पिंजऱ्यांत ठेवले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. काही पिंजऱ्यांत त्याने विजेचे दिवे लावले आणि रोज थोडा थोडा वेळ वाढवत दिवस लांबवला. भर हिवाळ्यात, त्या थंडीत, दिव्याखालच्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतातल्यासारखे बदल सुरू झाले. म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगात जे कॅलेंडर असतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं. वारा, ढग, खाणं यांनी चार-आठ दिवस इकडेतिकडे होतात, पण निघायची वर्दी दिवस-रात्रीच्या मापाने मिळते. नागोठण्याला डिसेंबरात किती गार आहे हे हिमालयातल्या धोब्याला निघताना कळायचा प्रश्नच नाही. सालिम अलींनी मुंबईतल्या एका करड्या धोब्याची हकीकत लिहिली आहे. पायात कडी घातलेला तो पक्षी वर्षामागून वर्ष त्याच बंगल्याच्या त्याच हिरवळीवर परत येत राहिला. त्याला जागा पाठ होती. मुंबईचा पारा बघून तो येत नव्हता.

मग उबदार हिवाळ्याने काहीच बदललं नाही का? बदललं, पण लोक म्हणत होते ते नाही.

वाकणच्या बाजूच्या एका वालाच्या शेतात गप्पीदासाचा एक नर हिवाळाभर मुक्कामाला होता. पंधराएक ग्रॅमचा जीव. काळपट डोकं, मानेच्या बाजूला पांढरा डाग, छातीवर विटकरी रंग. मादी त्याच्यापुढे फिकट, मातकट. भात उभं असताना तो लोंब्यांवर बसायचा. वाल आल्यावर बांधावरची एक वाळकी काठी त्याने धरली. काठीवरून खाली झेप, काहीतरी उचललं की परत काठीवर, शेपटीला एक झटका, घशातून खडे घासल्यासारखा आवाज. मधूनच सरळ वर उडून हवेतला किडा टिपायचा. त्याला बघता बघता माझ्या लक्षात आलं की ढगाळ, उबदार सकाळी त्याचं काम फार लवकर उरकतं. रात्र गार नसली की किडे उजाडतानाच उडायला लागतात. तेवढ्यात त्याचं पोट भरतं आणि ऊन चढायच्या आत तो कुंपणाच्या निरगुडीत जाऊन बसतो. मग शेताकडे बघितलं तर शेत रिकामं. जानेवारीच्या मध्यावर जे थोडे गार दिवस आले, तेव्हा नेमकं उलट झालं. सकाळी बराच वेळ तो काठीवर पिसं फुगवून नुसता बसून असायचा, उन्हाने शेत तापलं, किडे हलायला लागले की कामाला लागायचा आणि दुपार होईपर्यंत डोळ्यांसमोर असायचा. तोच पक्षी, तेच शेत, पण नऊ वाजता येणाऱ्याला गार दिवशी तो दिसणार आणि उबदार दिवशी दिसणार नाही. हा माणूस घरी जाऊन काय सांगेल? थंडी आली तशी पाखरं आली.

माव्याचीही तीच गोष्ट. डाव्या पानावर त्या वर्षी माव्याचे आकडे चढेच होते. वालाचे कोवळे शेंडे काळे पडलेले, हात लावला तर चिकट. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आपत्ती. शेताच्या मालकीणबाई, ज्यांना गावात सगळे आजी म्हणतात, माझ्यावरच रागावलेल्या, जणू मावा मीच आणला. पण मावा आला की ढालकिडे येतात, त्यांच्यामागे आणखी काही येतं, आणि अशा शेतात किडे टिपणाऱ्या पक्ष्यांची ये-जा वाढते. उजव्या पानावर पिवळे धोबी, वटवटे, गप्पीदास त्या शेतात जास्त वेळा चढले. जे पीक आजींना हात देत नव्हतं त्यावर पाखरांचं बरं चाललं होतं. वालाच्या शेंगा मडक्यात भाजून करायची पोपटीही त्या वर्षी लांबली. भांबुर्डीचा पाला होता, मडकी होती, हौसही होती. शेंगाच भरत नव्हत्या. शेवटी फेब्रुवारीत जाळाशेजारी घाम पुसत आम्ही पोपटी खाल्ली. गारठ्यात शेकत खायचा पदार्थ असा उकाड्यात खाताना सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

दुसरा बदल पाण्याचा, आणि तो सगळ्यांत मोठा. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते. १९८७पासून ती चालू आहे. ठरलेल्या पाणथळीवर ठरलेल्या पंधरवड्यात जायचं आणि जे दिसेल ते मोजायचं. आमच्या भागातल्या नेहमीच्या तळ्यावर त्या वर्षी अगदी कमी पक्षी होते. मोजायला आलेली मंडळी हिरमुसली आणि परत तेच: थंडी नाही ना यंदा. पण मी त्याच आठवड्यात कामाने खारेपाटातून फिरत होतो. उशिरापर्यंत पाऊस झाल्यामुळे जी खाचरं डिसेंबरात कोरडी पडून भेगाळतात, त्यांत अजून घोटाभर पाणी होतं. ठिपकेवाली तुतारी, शेकाटे, छोटे चिखल्या त्या खाचरांत विखुरलेले होते, इथे दोन, तिथे चार. कोरड्या वर्षी पाणी एकाच तळ्यात उरतं आणि सगळे तिथे गर्दी करतात. ओल्या वर्षी प्रत्येकाला आपापलं खाचर मिळतं. तळ्यावरची संख्या घटली म्हणजे मुलखातली घटली असं नव्हे. तळ्याजवळच्या शेतात पाणी किती आहे हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

फेब्रुवारीत सगळ्यांची नजर तापमानाकडे होती, माझी कुरवांच्या डोक्याकडे. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमागे, मांडव्याच्या बोटींमागे जे पांढरे पक्षी कलकलत उडतात आणि ज्यांना लोक गाठ्या भरवतात, त्यांत तपकिरी डोक्याचे कुरव असतात. लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर यांची वीण होते. हिवाळ्यात त्यांचं डोकं नावाला तपकिरी. प्रत्यक्षात पांढरं, डोळ्यामागे एक काळसर ठिपका. परतीचे दिवस जवळ आले की तो ठिपका पसरतो, डोक्यावर डाग पडल्यासारखं दिसायला लागतं आणि शेवटी कॉफीच्या रंगाची टोपी पुरी होते. उन्हाळा लवकर आला म्हणून टोपी लवकर येईल का, हे मला बघायचं होतं. धरमतरच्या खाडीवर ती आली नेहमीसारखीच, कोणाची आधी, कोणाची नंतर, आणि एकाच थव्यात सगळ्या पायऱ्या दिसत होत्या. आम्ही पंख्याखाली घामाघूम, आणि कुरव आपल्या कॅलेंडरप्रमाणे कपडे बदलत होते. एका खाडीवरच्या एका हंगामाच्या नोंदीचा फार मोठा सिद्धांत करू नये. पण थंडी नाही म्हणजे पक्षी लवकर निघून जातील ही भीती तरी त्या वर्षी खरी ठरली नाही.

या सगळ्यातून हवामान बदलाचं पक्ष्यांना काहीच वाटत नाही असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. वाटतं, आणि फार वाटतं. फक्त बहुतेक वेळा ते इथल्या डिसेंबरात नाही तर तिथल्या जूनमध्ये. युरोपात काही बदकं हिवाळे सौम्य झाल्यामुळे उत्तरेकडेच थांबायला लागली आहेत, कारण त्यांची तळी आता गोठत नाहीत. लांब न जाता भागत असेल तर जायचं कशाला? पण ज्यांचा प्रवास हजारो किलोमीटरचा आहे आणि ज्यांना निरोप दिवसाची लांबी देते, त्यांची खरी अडचण पुढे आहे. ते वेळेवर पोचतात, पण तिथला वसंत त्यांच्या आधी येऊन गेलेला असतो. नेदरलँड्समध्ये एका माशीमार पक्ष्याच्या बाबतीत हे नीट मोजलं गेलं: पिल्लांना लागणाऱ्या अळ्यांचा भर पक्ष्यांच्या वेळापत्रकाच्या आधीच ओसरू लागला आणि जिथे हे सर्वांत लवकर झालं तिथे संख्या २० वर्षांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली. सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात बर्फ लवकर वितळायला लागल्यावर नॉट नावाच्या चिखलपक्ष्याची पिल्लं लहान चणीची, आखूड चोचीची निघू लागली. हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्या आखूड चोचींना खोलवरच्या शिंपल्या गाठता येईनात. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. उत्तरेत बिघडलेल्या एका महिन्याची किंमत दक्षिणेच्या चिखलात मोजावी लागते, ती अशी.

आणि दक्षिणेचा चिखल तरी जागेवर आहे का? 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. आमच्या खारेपाटात एखाद्या बांधाला खांड पडते, ती वेळेत बुजवली जात नाही, खारं पाणी आत येतं, भातशेत नापीक होतं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी माजते. खारफुटीतले खंड्ये आणि बगळे तिथे येतात. उघडा चिखल लागणारे चिखल्या आणि तुताऱ्या तिथून उठतात. रस्त्याकडेला कुठे भराव पडतो आणि पाणथळ आखूड होते. यातलं काही एका हिवाळ्यात घडत नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत येत नाही. थंडी मात्र सगळ्यांच्या अंगाला लागते, म्हणून पक्षी कमी दिसले की पहिला आळ तिच्यावर. एकदा "थंडी नव्हती" म्हटलं की बांधाकडे बघायची गरज उरत नाही आणि भरावाबद्दल विचारायची तर नाहीच. उबदार हिवाळ्याचा मला सर्वांत जास्त राग येतो तो या कारणासाठी. तो बाकी सगळ्या कारणांना लपायला जागा देतो.

इथून फार लांब नाही, अलिबाग तालुक्यात किहीमला, सालिम अलींनी १९३० साली सुगरणींच्या एका वसाहतीपाशी शिडीवर बसून महिनोन्‌महिने नोंदी केल्या. तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती, पण वही होती. एकाच जागी बसून राहिल्यामुळे सुगरणीचा नर एकामागून एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांशी संसार कसा थाटतो, हे त्यांना नीट कळलं. आमच्यासारख्या फिरतीच्या माणसाला महिनोन्‌महिने बसायला मिळत नाही. पण तेच शेत, तोच बांध, तीच उघाडी पुन्हा पुन्हा बघायला पगार मिळतो, हे काही कमी नाही.

त्या हिवाळ्यानंतर उजव्या पानाला मी चार रकाने वाढवले आहेत. खाचरात पाणी किती, वारं कुठलं, पीक कुठल्या अवस्थेत आणि त्यावर किडी किती, बांध, चिखल, पाणथळ मागच्या वर्षी होती तशीच आहे का. पक्षी कमी दिसले तर आधी हे चार रकाने वाचायचे. यांतल्या एकानेही उत्तर दिलं नाही, तरच "थंडी नव्हती" असं लिहायचं. काकांनाही मी हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्या उघाडीकडे बोट केलं: तिची एक फळी कुजली आहे, भरतीचं पाणी आत येतंय, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? मी चौथ्यात लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच एका अर्जात लिहून वर पाठवलं.